परसाचे पाणी

मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूच्या पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाने एक आदेश काढला. पिण्याचे पाणी गाड्या धुण्यासाठी, बांधकामासाठी, कारंज्यांसाठी आणि बागकामासाठी वापरायला त्यात बंदी होती. नियम मोडणाऱ्याला ५,००० रुपये दंड, आणि पुन्हा मोडला तर त्यावर रोज ५०० रुपये. महिना संपायच्या आत २२ घरांकडून दंड वसूल झाल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली.

आदेशाला कारण होते. २०२३ चा पाऊस कर्नाटकात फसला होता आणि राज्यातल्या २३६ तालुक्यांपैकी २२३ तालुके दुष्काळी जाहीर झाले होते. शहरातल्या सुमारे १४,००० सरकारी बोअरवेलपैकी ६,९०० कोरड्या पडल्या, असे खुद्द मुख्यमंत्र्यांनी सांगितले. शहराची गरज दिवसाला साधारण २६० कोटी लिटर, आणि तूट ५० कोटी लिटरची. अशा वेळी कारंजी बंद ठेवा आणि गाड्या ओल्या फडक्याने पुसा असे सांगितले, तर त्याविरुद्ध बोलण्यासारखे काही नाही.

मला थांबवले ते यादीतल्या शेवटच्या शब्दाने. मी भाषांतरकार आहे. कन्नडमधून आणि इंग्रजीतून मराठीत आणणे हे माझे रोजचे काम. 'बागकाम' हा शब्द गोल्फ मैदानाच्या हिरवळीलाही लागतो आणि गच्चीवरच्या मिरचीच्या कुंडीलाही. माझ्या इंदिरानगरच्या गच्चीवर तीस कुंड्या आणि पिशव्या आहेत, त्यांत माठ, भेंडी, गवार, मिरची, दोन वेल. म्हणजे आदेशाच्या भाषेत मी आणि कारंजेवाला एकाच पंगतीत बसलो होतो. हे बरोबर होते की चूक, ते ठरवण्याआधी मला एक साधा प्रश्न पडला. घरामागच्या भाजीला पिण्याचे पाणी घालायची पद्धत मुळात सुरू कधी झाली? कारण आपल्या भाषेला तरी ती ठाऊक दिसत नाही.

मराठीत या बागेला 'परसबाग' म्हणतात. परस म्हणजे घरामागची मोकळी जागा. पण हा शब्द आणखी एका ठिकाणी भेटतो. जुन्या पिढीतले लोक शौचाला जाण्याला 'परसाकडे जाणे' म्हणत; आजही खेड्यांत म्हणतात. घरातून जे बाहेर टाकायचे ते परसात जाई: न्हाणीचे पाणी, मोरीचे खरकटे पाणी, चुलीतली राख, गोठ्यातले शेण, भाजीची देठे. आणि ज्या दिशेला हे सगळे जाई त्याच दिशेहून अळू, केळी, भोपळा, मिरची घरात येत. कोकणातल्या घरांत न्हाणीच्या पन्हळीखाली केळीचा किंवा अळूचा वाफा असणे ही कोणी शोधून काढलेली युक्ती नव्हती. घर बांधतानाच पाण्याचा उतार तिकडे काढलेला असे. अळूला सतत ओल लागते, केळीला पाण्याचा निचरा झाला तरी चालतो आणि साबणाची थोडी माती सोसते. जे झाड जे पाणी पिईल ते तिथे लावलेले होते.

कन्नडमध्ये परसाला 'हित्तलु' म्हणतात. 'हित्तल गिड मद्दल्ल' अशी त्यांची म्हण आहे: परसातले झाड औषध ठरत नाही. आपण 'पिकते तिथे विकत नाही' म्हणतो, त्याच्या जवळची. भाजीच्या बागेसाठी मात्र कन्नडचा शब्द वेगळा आहे: 'कैतोट'. कै म्हणजे हात, तोट म्हणजे बाग. हाताची बाग, हाताने सांभाळण्याएवढी. मराठी शब्द बागेची जागा सांगतो, कन्नड शब्द तिचा आकार सांगतो, आणि इंग्रजी तिला स्वयंपाकघराशी बांधते. तिन्ही शब्दांत नळ कुठेच नाही.

नळ नव्हता तेव्हा बेंगळुरूत पाणी कुठून येत होते, हे पाहायला फार दूर जावे लागत नाही. माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर दोम्मलूरचे चोक्कनाथस्वामींचे देऊळ आहे. तिथल्या तेराव्या शतकातल्या एका तमिळ शिलालेखात 'विण्णमंगलम' तळ्याचे उत्पन्न देवाला दिल्याची नोंद आहे. जुन्या तमिळ-संस्कृत 'व'चा कन्नडात बऱ्याचदा 'ब' होतो, वनाचे 'बन' होते. तसे विण्णमंगलमचे बिन्नमंगल झाले. इंदिरानगरच्या जुन्या पत्त्यांत 'बिन्नमंगल' अजून दिसते. म्हणजे ज्या जमिनीवर आज आम्ही टँकरची वाट पाहतो तिचे लिखित इतिहासातले पहिले रूप एका तळ्याचे आहे. देवाला दान देण्याइतके उत्पन्न त्यातून निघत होते, कारण तळ्याखालची जमीन भिजत होती.

बेंगळुरूजवळ मोठी नदी नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठाराच्या कण्यावर हे शहर वसले. पाऊस दोन्ही बाजूंच्या उतारांवरून वाहून जाई. त्याला बांध घालून तळ्यांच्या माळा करणे हाच इथल्या वस्तीचा आधार होता. केंपेगौडांनी १५३७ मध्ये पेठ वसवली तेव्हा त्यांनी आणि नंतरच्यांनीही तळी बांधली. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजांनी हे शहर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले; मराठी वाचकाला बेंगळुरू बहुधा तिथून ठाऊक असते. त्या काळच्या पेठेला भाजी पुरवणारे लोक तळ्यांच्या काठांवर आणि खालच्या अंगाला राहात. त्यांत तिगळ समाज मुख्य. बागायत हा त्यांचा परंपरेचा धंदा, आणि शहराचा सर्वांत जुना उत्सव मानला जाणारा करग हा त्यांचाच. करगाच्या विधींतला महत्त्वाचा भाग संपंगी तळ्याशी जोडलेला आहे. ते तळे आज बहुतांश कंठीरव स्टेडियमखाली आहे. त्याचा राहिलेला एक लहान तुकडा विधीसाठी जपला आहे. धर्मांबुधी तळ्याच्या जागी मॅजेस्टिकचा बसस्टँड आहे. विहिरीतून बैलांनी पाणी ओढायच्या साधनाला इकडे 'कपिले' म्हणत, आपली मोट. तळे भरले की विहिरी भरत, विहिरी भरल्या की भाजी होई. तळे आटले की भाजी त्या हंगामात होत नसे. पेठेतल्या घरांच्या हित्तलात उरलेसुरले पाणी जाई. पिण्याचे पाणी बायका डोक्यावरून आणत, आणि डोक्यावरून आणलेले पाणी कोणी दोडक्याच्या वेलाला ओतत नाही.

१८०९ मध्ये इंग्रजांनी हलसूरच्या बाजूला छावणी वसवली आणि चित्र बदलू लागले. छावणीतल्या बंगल्यांना मोठी आवारे होती. पुढे फुले, मागे भाजीचे वाफे, हाताखाली माळी आणि पाणी आणणारे भिस्ती. १८९६ मध्ये तरुण चर्चिल इथे फौजेत आला. त्याने आपल्या बंगल्याच्या गुलाबांचे कौतुक लिहून ठेवले आहे. त्या गुलाबांना पाणी कोण आणत होते, हे मात्र तो सांगत नाही.

छावणीच्या जेवणासाठी परदेशी भाज्या हव्या होत्या आणि बेंगळुरूचे हवामान त्यांना मानवणारे होते. हैदर अलीने १७६० च्या सुमारास सुरू केलेली लालबाग एकोणिसाव्या शतकात रोपांची प्रयोगशाळा झाली. जॉन कॅमेरॉन तिथे १८७४ पासून तीन दशकांहून अधिक काळ प्रमुख होता. १८८९ मध्ये तिथे काचघराची पायाभरणी झाली. पुढे फुला-भाज्यांची प्रदर्शने तिथेच भरू लागली.

या भाज्यांच्या नावांत एक छोटा इतिहास साठलेला आहे. 'फ्रेंच बीन्स'चे मराठीत फरसबी झाले. कोबीला कन्नडात 'कोसु' म्हणतात, तो पोर्तुगीज 'कूव्ह'चा वंशज. 'नोल-कोल' हे युरोपीय नाव मराठीत आले तेव्हा आपण त्यात 'नवल' ऐकले आणि नवलकोल केले. कन्नड माणसाने त्यात मोर ऐकला आणि 'नविलुकोसु', म्हणजे मोरकोबी केले. मेक्सिकोहून आलेल्या चायोटला कन्नडात 'सीमे बदनेकायी' म्हणतात. सीमे म्हणजे सीमेपलीकडचे, आपल्याकडे जसे 'विलायती'. बदनेकायी म्हणजे वांगे. तीच भाजी तमिळनाडूत गेली तेव्हा तिला 'बेंगळूर कत्तिरिकाय', बेंगळुरूचे वांगे म्हणू लागले. एका गावचा परका दुसऱ्या गावचा स्थानिक झाला.

नावे जशी रुळली तशी भाजीची सवयही बदलली. जुन्या हित्तलातली पिके ऋतूची होती. अवरेकायी, म्हणजे आपला वाल-पावटा, दिवस लहान होऊ लागले की फुलतो. थंडीत बेंगळुरूचा बाजार त्याच्या वासाने भरतो आणि उन्हाळ्यात त्याची कोणी अपेक्षा करत नाही. कोबी, फरसबी, गाजर यांना मात्र नियमित आणि स्वच्छ पाणी लागते. बारमाही भाजीची कल्पना बारमाही पाण्याच्या कल्पनेसोबत आली.

हे बारमाही पाणी तीन टप्प्यांत आले. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात म्हैसूर संस्थानाची जवळजवळ पाचवा हिस्सा लोकसंख्या गेली. तळ्यांवर विसंबणे धोक्याचे आहे हे सरकारला त्या वेळी कळून चुकले होते. १८९६ मध्ये हेसरघट्ट तलावातून नळाचे पाणी आले. १९३३ मध्ये अर्कावती नदीवरच्या तिप्पगोंडनहळ्ळी धरणातून. आणि १९७४ मध्ये कावेरीचे पाणी, जवळजवळ शंभर किलोमीटरवरून, सुमारे पाचशे मीटर वर चढवून. आज बेंगळुरूच्या नळाला येणाऱ्या प्रत्येक बादलीमागे ही चढण आणि तिची वीज आहे. कावेरीच्या काठी ज्याचा ऊस आणि भात त्या पाण्यावर आहे तो मंड्याचा शेतकरीही आहे.

पाणी आत येण्याचा मार्ग जसा बदलला तसा बाहेर जाण्याचाही. १८९८ मध्ये बेंगळुरूत प्लेग आला आणि मल्लेश्वरम व बसवनगुडी या आखलेल्या वसाहतींना वेग आला. रुंद रस्ते, हवेशीर घरे, मागे परस, आणि परसामागे एक अरुंद बोळ. हा बोळ मैला उचलणाऱ्यांसाठी होता. परसाबद्दल हळवे होताना हा बोळ विसरू नये. घरातले घाण ते मागच्या दाराने बाहेर जाई हे खरे, पण पुढे ते एका ठराविक जातीच्या माणसांच्या डोक्यावर जाई. भूमिगत गटारे आली ही त्यांच्या दृष्टीने सुटका होती, निदान तशी व्हायला हवी होती. मात्र त्याच गटाराच्या एका नळात मैला आणि न्हाणीचे पाणी एकत्र झाले. मैल्याला परसातून हटवणे गरजेचे होते. त्याच्यासोबत आंघोळीचे पाणीही गेले, आणि तांदूळ धुतलेले पाणीही.

इंदिरानगर त्यानंतरचे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आखलेली ही वसाहत जणू कावेरीच्या नळासोबतच जन्मली. आमच्या गल्लीत एक अज्जी आहेत, ऐंशीच्या सुरुवातीला त्या इथे राहायला आल्या. त्या सांगतात की तेव्हा घराभोवती मोकळी जागा होती, आणि त्यांच्या सासूने बांधकाम चालू असतानाच गवंड्याला सांगून 'बच्चलु'चे पाणी, म्हणजे न्हाणीचे, मागच्या बाजूला काढून घेतले. तिथे बसळेचा मांडव होता. बसळे म्हणजे मराठीतला मायाळू. घर पाडून चार मजले झाले तेव्हा मांडव गेला. जागा गेली याचे त्यांना फार वाटत नाही, मुलांची सोय झाली. "पण पाणी फुकट गटारात जाताना आवाज ऐकू येतो," त्या म्हणतात.

त्यांच्यासारखीच हजारो घरे अशी उंच झाली. २०११ मध्ये मेट्रोचा पहिला टप्पा बैयप्पनहळ्ळी ते एम. जी. रोड असा सुरू झाला, त्यावर इंदिरानगर हे स्थानक होते. जमिनीचे भाव चढले आणि परस ही चैन झाली. त्यामुळे भाजी वर गेली, गच्चीवर.

गच्चीवरच्या बागेचाही इतिहास आहे आणि त्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. टंचाईत भाजी घरी लावा असे सरकारने सांगण्याची उदाहरणे दुसऱ्या महायुद्धातली. ब्रिटनमध्ये १९३९ पासून हिरवळी खणून बटाटे लावले गेले. १९४३ मध्ये एलिनॉर रूझवेल्ट यांनी व्हाइट हाउसच्या आवारात भाजीचे वाफे केले. त्याच सुमारास भारतात 'अधिक धान्य पिकवा' मोहीम निघाली. युद्ध संपले तशा बहुतेक बागाही संपल्या. आपल्याकडे श्री. अ. दाभोलकरांनी या गोष्टीकडे मोहीम म्हणून न पाहता विद्या म्हणून पाहिले. कोल्हापूरचे हे गणिताचे प्राध्यापक. त्यांच्या 'प्रयोग परिवार'ने द्राक्ष बागायतदारांना आपापल्या मळ्यात निरीक्षण करून एकमेकांना सांगायला शिकवले. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाला पुरेसे पिकू शकते ही त्यांची मांडणी, आणि 'विपुलाच सृष्टी' हे त्यांच्या पुस्तकाचे नाव. मुंबईत डॉ. आर. टी. दोशींनी गच्चीसाठी वेगळा मार्ग काढला: रसवंतीवाल्यांकडून उसाची चिपाडे आणायची, प्लास्टिकच्या पिशव्यांत दाबून भरायची, वर थोडीशीच माती आणि कंपोस्ट. वजन कमी, स्लॅबला भार नाही, आणि चिपाड पाणी धरून ठेवते. बेंगळुरूत डॉ. बी. एन. विश्वनाथ या कीटकशास्त्रज्ञांनी शेकडो लोकांना गच्चीवर भाजी लावायला शिकवले, आणि २०११ पासून 'ऊट फ्रॉम युअर तोट' नावाची जत्रा भरू लागली. ऊट म्हणजे जेवण. तुमच्या बागेतले जेवण.

या सगळ्यात एका गोष्टीकडे क्वचितच लक्ष गेले. परस न्हाणीच्या खालच्या अंगाला असे. गच्ची वरच्या अंगाला असते. परसात पाणी आपोआप पोचत होते. गच्चीवर ते चढवावे लागते, आणि चढवलेले पाणी असते गच्चीवरच्या टाकीत, म्हणजे पिण्याचे. नळाला पाइप लावला की झाले. कावेरीचे पाणी पाचशे मीटर चढते आणि शेवटचे पंधरा मीटर चढून माझ्या मिरचीला मिळते. सर्वांत शेवटी पाणी पिणारी बाग अशी नकळत पहिल्या रांगेत आली. २०२४ च्या आदेशाने तिला कारंज्यासोबत बसवले ते या अर्थाने चुकीचे नव्हते. पाइपने भिजणारी गच्ची पाण्याच्या हिशोबात कारंज्यासारखीच वागते.

त्या उन्हाळ्यात बाग बंद करणे हा एक पर्याय होता आणि अनेकांनी तो घेतला. माझ्यासमोर तो वेगळ्या रूपात आला. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई केआर पुरमच्या पुढे राहतात. तिकडच्या बोअरवेल फेब्रुवारीतच गेल्या होत्या. त्या रोज जाताना आमच्या नळाचे दोन कॅन भरून नेत. जिल्हा प्रशासनाने टँकरचे दर बांधून दिले होते, पाच किलोमीटरच्या आत १२,००० लिटरला १,००० रुपये. पण बारा हजार लिटर साठवायची टाकी ज्याच्याकडे आहे त्याच्यासाठी ते दर. मी त्यांना माठाची जुडी दिली तेव्हा त्या म्हणाल्या, "भाजी विकत मिळते अक्का. पाणी मिळत नाही." यानंतर गच्चीवर पाण्याचा पाइप नेणे शक्यच नव्हते. बाग राहायची असेल तर तिने परसाच्या अटीवर राहायला हवे होते: घरात एकदा वापरलेले पाणी, तेवढेच.

हिशोब मांडला. चार माणसे, माणशी एक बादली, म्हणजे आंघोळीचे साधारण ऐंशी लिटर. तांदूळ, डाळी, भाज्या धुतल्याचे आठ-दहा लिटर. तीस कुंड्यांना एप्रिलच्या उन्हात दिवसाला चाळीसेक लिटर. म्हणजे आंघोळीच्या पाण्याचा निम्मा भागही पुरून उरतो. फक्त तो साठवून वर न्यायला हवा. टपात उभे राहून आंघोळ, साबण बेताचा, आणि सकाळी चार बादल्या जिन्याने वर. धुलाई यंत्राचे पाणी घेतले नाही, पावडरीतला सोडा मातीत साठून ती घट्ट करतो. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणारे पाणीही कुंड्यांना रोज घातले नाही, त्यात क्षार एकवटलेले असतात. ते फरशी पुसायला गेले. साबणाचे पाणी पालेभाजीच्या पानांवर न घालता आळ्यात, मातीजवळ. आणि तांदळाचे पाणी रोपांना.

कुंड्यांच्या मध्ये न भाजवलेल्या मातीच्या नव्हे, साध्या भाजलेल्या पण रोगण नसलेल्या मडक्या पुरल्या. त्यांच्या भिंतीतून पाणी पाझरते, आणि भोवतालची माती जेवढी कोरडी तेवढे जास्त पाझरते. आपल्याकडे याला मडका सिंचन म्हणतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या चीनमधल्या फान शंगझी यांच्या शेतीच्या ग्रंथात खरबुजाच्या वेलांमध्ये अशी मडकी पुरायची रीत दिलेली आहे. कोरड्या प्रदेशांतल्या लोकांनी ठिकठिकाणी हेच शोधून काढले, कारण हातात पाणी तेवढेच होते.

एप्रिल २०२४ मध्ये बेंगळुरूत पावसाचा थेंब पडला नाही. असे १९८३ नंतर प्रथमच घडले. २८ एप्रिलला तापमान ३८.५ अंशांवर गेले. एरवी या शहरात पंखाही लागत नाही, असे सांगणाऱ्या पिढीला हा आकडा अपमानासारखा वाटला. टोमॅटोने फुले गाळली. दिवस पस्तिशीच्या वर आणि रात्रीही उष्ण राहिल्या की त्याचे परागकण निकामी होतात. मग पाणी कितीही घाला, फळ धरत नाही. मिरचीचेही तसेच. माठ मात्र वाढत राहिला. ज्वारी, ऊस, मका यांच्यासारखी त्याची अन्न बनवण्याची रीत तीव्र उन्हात कमी पाण्यावर चालते. गवार, चवळी आणि भेंडीही तगली. लक्षात घ्या, ही जुन्या परसातली पिके आहेत. छावणीने आणलेल्या भाज्या त्या उन्हाळ्यात गच्चीवर एकही टिकली नाही. भाजीची निवड ही चवीइतकीच पाण्याच्या इतिहासाची निवड असते, हे मला पुस्तकांपेक्षा त्या कुंड्यांनी लवकर शिकवले.

मेच्या सुरुवातीला पाऊस आला. २ जूनला एका दिवसात १११ मिलिमीटर पडला आणि जूनमधल्या एका दिवसाच्या पावसाचा १८९१ पासूनचा विक्रम मोडला. रस्ते तुंबले. महिन्याभरापूर्वी टँकरसाठी भांडणारे शहर पाणी उपसत होते. नव्या घरांना पावसाचे पाणी साठवणे २००९ पासून कायद्याने सक्तीचे आहे. विजयनगरमध्ये ए. आर. शिवकुमार यांचे घर १९९५ पासून केवळ पावसाच्या पाण्यावर चालते, म्हणजे हे अशक्य नाही. तरीही बहुतेक गच्च्यांवरचे ते पाणी त्या दिवशी सरळ रस्त्यावर गेले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला आणि शहराला दिवसाला आणखी साडेसत्याहत्तर कोटी लिटर पाणी मिळण्याची सोय झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये मंडळाने बंदीचा तोच आदेश पुन्हा काढला, यादीत बागकामासकट. नदीतून आणखी पाणी आणल्याने प्रश्न सुटला नव्हता, हे मंडळालाही ठाऊक असावे.

अज्जींना ज्याचा आवाज ऐकू येतो ते पाणी पुढे कुठे जाते, याचे उत्तर अलीकडच्या इतिहासात आहे. शहराच्या या बाजूचे सांडपाणी कोरमंगल-चल्लघट्ट खोऱ्यात उतरते. २०१८ पासून तिथले प्रक्रिया केलेले पाणी उपसून कोलार जिल्ह्यातल्या कोरड्या तळ्यांत सोडले जाते. योजना दिवसाला ४४ कोटी लिटरची. हे पाणी थेट शेताला घ्यायला मनाई आहे. तळ्यातून मुरून ते विहिरी आणि बोअरवेलमध्ये उतरावे आणि तिथून वापरावे, अशी कल्पना. प्रक्रिया दुसऱ्या पायरीपर्यंतच होते, ती पुरेशी नाही असा आक्षेप घेऊन लोक न्यायालयात गेले आणि तो वाद खोटा नाही. पण ज्या कोलारमध्ये हजार फुटांवरही पाणी लागत नव्हते तिथल्या विहिरींत पाणी चढले, हेही खरे. कोलार टोमॅटोचा जिल्हा आहे. तो टोमॅटो रोज पहाटे बेंगळुरूत येतो.

परस नाहीसा झाला नाही, तो लांबला. घरामागच्या दहा पावलांच्या जागी साठ-सत्तर किलोमीटर झाले, मध्ये पंप आले, नळ आले, कोर्ट आले. एका टोकाला न्हाणी आहे आणि दुसऱ्या टोकाला भाजी. मधल्या माणसांचे काय, हा मल्लेश्वरमच्या बोळातला प्रश्नही त्याच्यासोबत गेला: कुणाच्या वाट्याला धुतलेले पाणी, कुणाच्या वाट्याला पुरते न धुतलेले.

म्हणून पुढच्या उन्हाळ्यात हा आदेश पुन्हा निघेल तेव्हा त्यात एक साधी दुरुस्ती असावी असे मला वाटते. पाणी कशासाठी वापरले याची यादी करण्याऐवजी ते कितव्यांदा वापरले हे विचारावे. पहिल्या वापराचे पाणी माणसाच्या घशासाठी, आणि ते आधी केआर पुरमच्या पुढच्या घशांसाठी. दुसऱ्या वापराचे पाणी मिरचीला घालायला कोणाची परवानगी लागू नये. उलट नवे घर बांधताना न्हाणीचा नळ वेगळा काढणे सक्तीचे असावे, जसा अज्जींच्या सासूने गवंड्याकडून काढून घेतला होता. आज माझ्या इमारतीत तो वेगळा नाही, त्यामुळे बादल्या जिन्यानेच चढतात. एका बादलीत बारा-तेरा लिटर, रोज तीन ते चार फेऱ्या. गेल्या आठवड्यात माठाची दुसरी कापणी झाली.